टेक द प्लंज: अर्थ सांगा व वाक्यात उपयोग करा

कंपनीत आम्हा प्रौढांचं इंग्रजी सुधारायला एक बाई येत. एकदा त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘टेक द प्लंज’. अर्थ: फार दिवस घोळवलेलं मोठं पाऊल एकदाचं उचलणं. उदाहरणार्थ लग्न करणं, नोकरी सोडणं.

शेजारी माझा बालमित्र बसला होता. मी कुजबुजलो, “अरे, ही तर आपली रहाड!” जुन्या नाशकात रंगपंचमीला जमिनीतला रंगाचा दगडी हौद उघडतात, ती रहाड. लहानपणी डोळे मिटून, एक-दोन-तीन म्हणत आम्ही तिच्यात उडी घ्यायचो.

“मग मारू या का?” तो म्हणाला.

मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान काढायचं, हे आमचं जुनं स्वप्न. गाळा बघून ठेवलेला. पाटीवर आधी कुणाचं नाव, यावरून एक झकास भांडणही झालेलं. ठरलं, सोमवारी दोघांनी राजीनामे द्यायचे.

सोमवारी साहेबांच्या दाराशी त्यानं माझा खांदा दाबला. “तू हो पुढे, मी आलोच.”

मी दिमाखात आत शिरलो. लिफाफा ठेवला, कमरेत वाकून नमस्कार केला. टाळ्या तेवढ्या पडायच्या राहिल्या होत्या.

साहेब म्हणाले, “बरं झालं. तुम्ही जाणार हे कळलंच होतं. तुमची सुपरवायझरची जागा कुणाला द्यायची, ते शुक्रवारीच ठरलंय.”

“कुणाला?”

साहेबांनी दाराकडे पाहिलं. दारात माझा मित्र स्वतःचे बूट न्याहाळत होता. हातात लिफाफाबिफाफा काही नव्हता.

बाहेर आल्यावर मी त्याला धरला. “गधड्या, शुक्रवारी सांगायचं तरी!”

“सांगितलं असतं तर तू उडी मारली असतीस का?”



दुकान मी एकट्यानं काढलं. पाटीवर नाव एकच, तेव्हा भांडण मिटलं. पण मोटार उघडून बसलो की हटकून रहाड आठवते. रंगानं चुरचुरणारे डोळे चोळत मी वर यायचो, तेव्हा हा काठावर हसत उभा असायचा. मला वाटायचं, पठ्ठ्या माझ्याआधी वर आला.

त्याचे केस कोरडे कसे, हे मी कधी विचारलंच नाही.