बॉल सोडायचा कसा?

माझ्या शिवणाच्या दुकानाला काचेचं दार आहे. नुसतं ढकललं की उघडतं. दादांनी ते कधी ढकललं नाही. ते बाहेर येऊन उभे राहायचे, हात पाठीमागे, नजर पायांकडे. मी आतून पाहून दार ओढून धरलं, "दादा, या ना" म्हटलं, की मग आत यायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपल्याला वाटतं, लाजाळू आहेत. मलाही तसंच वाटलं होतं.

दुकान भिवंडीत, टेमघरला. तिथून पुढे कोनच्या रस्त्याला लूमचा एक बंद कारखाना आहे. माग कधीच भंगारात गेले, लांबलचक शेड तेवढी उरली. सिनेमावाल्यांनी त्या शेडचा तुरुंग केला. कैद्यांच्या फुटबॉल टीमची गोष्ट होती. कैद्यांचे कपडे शिवायचं काम माझ्याकडे आलं, तशी मीही रोज सुई-दोरा घेऊन सेटवर जायला लागले.

दादा त्या शेडशेजारच्या गोडाऊनमध्ये माल उतरवायचे. पन्नाशीचा माणूस, खाडीकडच्या गावातला, उंच, हात गुडघ्यापर्यंत आल्यासारखे. एकदा मैदानावरून कुणाची तरी लाथ बसून बॉल उडाला तो थेट गोडाऊनच्या फाटकाकडे. दादांच्या डोक्यावर गोणी होती. एका हातानं गोणी सावरत दुसऱ्या हातानं त्यांनी बॉल छातीशी धरला. डायरेक्टर पळत आला.

"चाचा, खेलते हो क्या?"

"खेलता था."

डायरेक्टरनं त्यांना लगेच कैद्यांच्या टीमचा गोलकीपर केलं; कुठे खेळायचे, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. मापं द्यायला दुकानात आले तेव्हा मला सांगितलं. मी खांद्याला टेप लावला होता. ते एकदम हसले.

"ताई, मी आत व्हतो तवा ह्ये कपडे मना कवाच मिलाले न्हाय. खटला चालू हाय त्या कच्च्या कैद्याला न्हाय देत. आपलेच घालायचे. आता पयल्यांदा घालतंय."

मी खांद्याचं माप वहीत लिहिलं.

जमिनीच्या वादातून गावात मारामारी झाली होती, त्यात एक माणूस गेला. दादा त्या दिवशी सासुरवाडीला, गणेशपुरीकडे होते. तरी नाव आलं. खटला उभा राहायलाच वर्षं गेली. ते आत असतानाच बायको गेली. मुलगी दुसरीत होती, ती मामाकडे वाढली. कोर्टानं निर्दोष म्हणून सोडलं तेव्हा तिची दहावी झाली होती. मामानं आपल्या गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की भावजी दुबईला आहेत. दादा सुटून तिथं आले तेव्हा मामाच्या शेजारणीनं विचारलं, दुबईवरून काय आणलंत? दादांनी भिवंडीच्या बाजारातून चॉकलेटं आणून वाटली.

सेटवर दादांनी सगळ्यांना लळा लावला. जेलरचं काम करणारा नट फार गोड माणूस, चहासुद्धा स्वतः घेऊन यायचा. पण तो समोरून गेला की दादा ताडकन उभे राहायचे. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "काका, बसा हो. मी खोटा आहे."

"माहीत हाय," दादा म्हणाले. "पायांना न्हाय माहीत."

सगळे हसले, दादाही हसले. मग तो नट लांबून वळसा घालून जायला लागला.

सिनेमात शेवटची मॅच कैदी हरतात. पेनल्टी येते, गोलकीपर चुकीच्या बाजूला उडी मारतो, बॉल जाळीत. दादांना नीट समजावलं. त्यांनी मान डोलावली. आणि बॉल अडवला. पुन्हा लावलं, पुन्हा अडवला. समोरचा पोरगा दमला, ऊन डोक्यावर आलं, डायरेक्टर डोकं धरून खाली बसला.

"चाचा, छोड़ना है! हारना है हमको!"

"समझता हूँ साब." मग माझ्याकडे वळून, ओशाळून, "ताई, बॉल सोडायचा कसा? तो येते नि हात जाते."

दर वेळी लाइटवाली पोरं शिट्ट्या मारत होती. त्या दुपारी मी दादांना जितकं खुशीत पाहिलं, तितकं पुन्हा कधी पाहिलं नाही. गालाला माती, गुडघा फाटलेला, मी तो अंगावरच टाचत होते आणि ते लहान मुलासारखे पाय हलवत होते. शेवटी त्यांनी हात पाठीमागे घट्ट धरले, उडी मारलीच नाही. बॉल आत गेला. दादा जाळीपाशी बसले आणि रडायला लागले. कॅमेरा चालूच होता. डायरेक्टरला हवं होतं ते मिळालं.

ते मिळालं नसतं तर बरं झालं असतं. कारण मग जाहिरातवाल्यांचं लक्ष दादांकडे गेलं.

सिनेमा कसा बनला, याचा व्हिडिओ करायला एक मुलगी आली. बोलायला चांगली, दादांना 'अंकल' म्हणायची. दादांनी आधीच सांगितलं, मी बाजूलाच होते, "मी आतला हाय ह्ये नको हां टाकू. पोरीचं लगीन ठरतंय माज्या." ती म्हणाली, "डोन्ट वरी अंकल." मग तिनं आतली विचारपूस केली आणि दादा बोलत गेले. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं त्यांना.

व्हिडिओ आला तेव्हा दादांचा रडणारा चेहरा, अंगात मी शिवलेले कपडे, आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'असली कैदी, असली आँसू'.

दोन दिवसांत गावोगावच्या फोनवर तो फिरला. वज्रेश्वरीकडचं स्थळ होतं, सुपारी फुटलेली. मुलाकडची वडीलधारी माणसं मामाकडे आली. मामानं कोर्टाचा कागद पुढे ठेवला. त्यांनी वाचला, परत केला. मुलाचा आजा म्हणाला, "सुटला म्हंजे गेला व्हता ना?" लग्न मोडत नाही, एवढंच त्यांनी कबूल केलं. मात्र मुलीचा बाप मांडवात दिसता कामा नये.

मी जाहिरातवाल्या मुलीला फोन केला. ती खरंच रडवेली झाली. म्हणाली, वरच्यांनी टाकलं, मी काढायला लावते. काढलाही. पण ज्यांना पाहायचा होता त्यांनी पाहून झाला होता.

दादांच्या मुलीनं ऐकलं मात्र आणि हटून बसली. बाबा नाहीत तर लग्न नाही. दादा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. मी दार धरलं. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"ताई, पोरगी ब्लाउज शिवाया तुमच्याकडं येनार हाय, तुमचं ऐकंल ती. तिला सांगा, मना दुसरा सिनेमा मिलालाय. लांब, हैदराबादकडं. त्याच तारखांना शूटिंग हाय."

"दादा, तिला खरं माहीत आहे."

"असू दे. पन तिला 'हो' बोलाया कायतरी नको का?"

मुलगी ब्लाउज शिवायला आली तेव्हा दादाही सोबत होते. मी मापं घेता घेता सांगितलं, हैदराबाद, मोठा सिनेमा, गोलकीपरचंच काम. मुलगी आरशातून बापाकडे पाहत होती. दादा रिळांच्या कपाटाकडे तोंड करून उभे. ती म्हणाली, "तिकडं तिखट खातात बाबा. जपून खा."

"व्हय," दादा म्हणाले. रिळांकडेच पाहत.

लग्नाला मी गेले. कन्यादान मामानं केलं. भटजींनी वडिलांचं नाव विचारलं, मामानं सांगितलं, आणि मुलाकडच्या बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. एवढाच उल्लेख.  पाठवणीला सगळ्याच रडतात, मुलगी रडली नाही.

मला वाटत होतं, दादा आठवडाभर कुठेतरी राहून परत येतील. आले नाहीत. गोडाऊनमध्ये विचारलं. मुकादम म्हणाला, लग्नाच्या आदल्या दिवशी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघाला, आम्हाला वाटलं लग्नाला चालला. फोन बंद. मामानं नातेवाइकांकडे चौकशी केली, पोलिसांत नोंद दिली. मी सिनेमावाल्यांना विचारत राहिले. हैदराबादला कुठलाच सिनेमा नव्हता, हे मला ठाऊक असूनही एकदा तिकडच्या कुणाचा तरी नंबर मिळवून फोन केला. माणूस काय काय करतो.

दिवाळीत मुलगी दुकानात आली. नवरा बाहेर बाइकवर बसून होता. तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. "बाबांना चकली आवडते. तुमच्याकडे येतील ना ते आधी? द्याल?"

मी डबा घेतला. शोकेसच्या मागे ठेवला. रोज वाटायचं, आज कुणीतरी दाराबाहेर येऊन उभं राहील. चकल्या मऊ पडल्या, वास यायला लागला. मग मी त्या टाकल्या आणि डबा घासून ठेवला.

संक्रांतीच्या सुमाराला ती पुन्हा आली, डबा न्यायला. रिकामा डबा परत देऊ नये म्हणतात, म्हणून मी त्यात दोन मुठी साखर घातली होती. तिनं झाकण उघडून पाहिलं.

"आवडल्या बाबांना?"

"आवडल्या," मी म्हणाले.

तिनं झाकण लावलं. ते नीट बसलं होतं, तरी दोन्ही तळव्यांनी ती ते दाबत राहिली. बाहेर नवऱ्यानं हॉर्न वाजवला, मग पुन्हा वाजवला.