इस्माईलभाईंचा सदरा

सोलापूरहून इस्माईलभाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी चौथीकडून पाढे म्हणवून घेत होतो. खरं सांगतो, रडू येण्याआधी भीती वाटली... आता सगळ्यांना कळणार.

मुरुमच्या बाजारात माझी शाळा आणि त्यांचं शिवणाचं दुकान समोरासमोर. दुकानामागंच घर, तिथं ते आणि भाभी. चार पायऱ्या चढल्या की त्यांना धाप लागायची. हृदयाची झडप चिकटलेली. असलं ऑपरेशन मुंबईत होतं हे पेपरात वाचून मीच मागं लागलो, मीच घेऊन गेलो. डाव्या बरगड्यांवरून पाठीपर्यंत टाके घेऊन भाई परतले. निघताना डॉक्टरांनी मला बजावलं होतं, जखमेचं टोक अजून ओलं आहे. कंपाउंडरशिवाय कुणी पट्टी सोडायची नाही, ताप आला तर त्याच दिवशी सोलापूर गाठायचं.

काळजाचं ऑपरेशन होऊन माणूस जिवंत आला म्हटल्यावर पार बेंबळीहून लोक बघायला येऊ लागले. पट्टी बदलायला सोपं पडावं म्हणून भाईंनी स्वतःच बगलेखाली फट ठेवून तिला नाड्या लावलेला सदरा शिवला होता. मी नाड्या सोडायचो, पट्टी उचलायचो, टाके दाखवायचो. कुणी बोट लावून बघायचं. मुंबईला कुणी नेलं, हेही मी दर वेळी सांगायचो. भाई भिंतीकडं बघत बसायचे. दारी आलेल्याला नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही, मला तर नाहीच.

एके दिवशी बघतो तर नाड्या गायब, फट बारीक टिपेनं शिवलेली. चुकून शिवली असेल, असं मला वाटलं. माकणीचे पाहुणे समोर बसलेले. मी मशीनवरची कात्री उचलली.

“गुरुजी, आज ऱ्हाऊ द्या,” भाई म्हणाले. “लई ठणकतंय.”

पाहुणे लांबून आलेत, असं म्हणत मी टीप उसवली. पट्टी उचलली तर घाण वास आला. अंग तव्यासारखं तापलेलं. ताप तीन दिवसांचा होता. गुरुजींच्या पाहुण्यांचा विरस नको म्हणून लपवला, असं भाभी म्हणाल्या.

पू छातीत उतरला होता. सोलापूरला नळी घातली, पेनिसिलिनची इंजेक्शनं झाली, पण ताप हटेना. पट्टी कुणी सोडली, असं तिथल्या डॉक्टरांनी दरडावून विचारलं.

“म्याच खाजवली,” भाई म्हणाले.

मी खाटेशेजारी उभा होतो. डॉक्टरांना तेच खरं वाटू दिलं.

चाळिसावा झाल्यावर भाभींनी तो सदरा आठवण म्हणून मला दिला. स्वच्छ धुऊन, नीट घडी घालून. उसवलेली फट मात्र त्यांनी शिवली नव्हती.