मी सफाईमंत्री होते

गुरुजींनी माझ्या हातात झाडू दिला आणि समोर बसलेल्या पालकांना म्हणाले, "आणि ह्या आमच्या सफाईमंत्री." सगळे हसले. माझी आईसुद्धा हसली. तिला ते कौतुकाचं हसू वाटलं. मलाही तसंच वाटलं. मी झाडू घेऊन ताठ उभी राहिले.

मी तिसरीत होते. शेणव्याच्या पुढं आमचं गाव, नव्वदीची सुरुवात. त्या दिवशी शाळेत पालकांची सभा होती. तिसरीच्या वर्गात रोज काय चालतं, मुलांनी कसं यावं, कसं बसावं, घरून काय शिकवून पाठवावं, हे गुरुजी आईबापांना सांगणार होते. पहिली-दुसरीची पोरं लहान आणि चौथीला स्कॉलरशिपची परीक्षा. म्हणून शाळेची सगळी वरकड कामं तिसरीच्या गळ्यात. त्यासाठी गुरुजींनी वर्गाचं मंत्रिमंडळ केलं होतं. मुख्यमंत्री, प्रार्थनामंत्री, पाणीमंत्री, सफाईमंत्री. निवडणूक वगैरे नव्हती. गुरुजी वर्गभर नजर फिरवायचे आणि बोट दाखवायचे.

माझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा मी घरी पळत गेले होते. आमच्या बौद्धवाडीतली कुठली पोरगी आजवर मंत्री झाली होती? आई आवणीहून, भात लावून आली होती, पाय चिखलानं भरलेले. मी सांगितलं तर तिनं तसंच मला जवळ ओढलं. पाय धुऊन ती गावठाणातल्या दुकानात गेली आणि गूळ घेऊन आली. मी तिच्यासोबत होते. दुकानदार म्हणाला, "काय गो, आज गूळ?"

"पोर मंत्री झाली शाळेत," आई म्हणाली.

"कसली मंत्री?"

"सफाईची."

दुकानदार हसला. पुडी बांधताना पण हसतच होता. आईनं वाडीत घरोघर गुळाचा खडा वाटला. शेजारच्या म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली. इतका आनंद मला पुढं दहावी पास झाल्यावरही झाला नाही, हे खरं सांगते.

सभेला आई कामाचा खाडा करून आली. जयंतीला नेसायची पांढरी साडी नेसून आली. गुरुजींनी पुढं खुर्च्या मांडल्या होत्या, मागं पट्ट्या अंथरल्या होत्या. आई पट्टीवर बसायला गेली तर गुरुजी म्हणाले, "तू तिथं दाराशीच बस. वारा येतो." आई दाराशी बसली. वारा खरंच येत होता. गुरुजींच्या बोलण्यात खोटं कधीच नसायचं, ही त्यांची खुबी.

मग गुरुजी बोलले. मुलांची नखं कापा. सोमवारी कपडे धुतलेले हवेत. घरी पाढे म्हणून घ्या. सगळं चांगलंच बोलले. मग म्हणाले, "आता आपले मंत्री आपापलं काम करून दाखवतील, म्हणजे तुम्हाला वर्गाची शिस्त कळेल."

मुख्यमंत्र्यानं हुकूम दिले. प्रार्थनामंत्र्यानं प्रार्थना म्हटली. पाणीमंत्री होती सुनंदा, त्याच दुकानदाराची मुलगी. तिनं खुर्च्यांवरच्यांना तांब्या-पेला दिला. पट्टीवरच्यांनाही दिला. दाराशी आली तेव्हा पेला पाठीमागं धरला. आईनं न सांगता ओंजळ पुढं केली आणि सुनंदानं वरून धार सोडली. दोघींना सवय होती. मलाही ते बघायची सवय होती, म्हणून मला त्यात काही दिसलं नाही.

मग माझी पाळी आली.

मी खिडकीकडून झाडायला सुरुवात केली. घरी सराव केला होता. कोपरे काढले, फळ्याखालचा खडू काढला. पुढं गेले तसे खुर्चीवरच्यांनी पाय वर घेतले. दुकानदारानं पण घेतले आणि म्हणाला, "हात चांगला बसलाय हो गुरुजी, उपजतच." पुन्हा सगळे हसले. मी आणखी जोरात झाडायला लागले. कचरा लोटत लोटत दाराशी आले.

आईनं पाय उचलले नाहीत.

मी वर बघितलं. तिच्या तोंडावर हसू नव्हतं. ती दुकानदाराकडं बघत होती. गूळ बांधताना जे हसला होता, तेच हसू त्याच्या तोंडावर होतं आणि ते तिला आता ओळखू आलं होतं. तिनं झाडूचं टोक हातानं धरलं. बसल्या जागेवरून म्हणाली, "गुरजी, एक इचारू?"

"विचार की."

"मागल्या साली सफाईचा मंत्री कोन व्हता?"

गुरुजी म्हणाले, "आता ते कशाला?"

पण पोरांना सगळं पाठ असतं. पुढच्या रांगेतून एक पोरगा म्हणाला, "नामा." नामा आमच्या वाडीतला.

"आनि त्याच्या आदी?"

"कातकरवाडीतली ठकी," पोरगा म्हणाला. त्याला उत्तरं येत होती म्हणून खूश होता.

आई म्हणाली, "मंग हे मंत्री आमच्याच अंगनात कसे पिकतात, गुरजी?"

कुणी हसलं नाही. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "श्रमाची लाज वाटू नये, बाई. मोठमोठ्या पुढाऱ्यांनी झाडू हातात घेतलाय."

"लाज नाय वाटत. घरी झाडतेच की ती. मंग असं करा, उद्यापास्नं तिला पान्याची मंत्री करा. सुनंदा झाडंल."

दुकानदार खुर्चीतून पुढं वाकला. "म्हंजे मडक्याला हात लावंल ही?"

झालं. एवढंच ऐकायचं होतं. गुरुजी घाईनं म्हणाले, "बघू, बघू. विचार करू." आई उठली. झाडू तिनं भिंतीला टेकवून ठेवला, टाकला नाही. माझा हात धरला आणि सगळ्यांच्या देखत मला बाहेर घेऊन आली.

मला आईचा राग आला. आता लपवून काय करू? वाटेत मी रडले, ते अपमानासाठी नाही, मंत्रिपद गेलं म्हणून. मी म्हणाले, "तुझ्यामुळं गेलं." आई बांधावर थांबली. मला वाटलं मारते आता. तिनं मारलं नाही.

"मी गूळ वाटला गो," ती म्हणाली. "अख्ख्या वाडीत गूळ वाटला."

झाडू मारायला लावला याचं तिला तेवढं दुःख नव्हतं, तो तर तिच्या आईनं, आजीनं मारला होता. पण त्यांनी कधी त्याचा गूळ वाटला नव्हता. आम्हाला फसवलं होतं, ते आमच्याच आनंदानं. त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की माणूस तुमच्या डोक्यावर ओझं देतो तेव्हा कधी कधी त्याला मुकुट म्हणतो.

दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्यावर गुरुजी नेहमीसारखे म्हणाले, "सफाईमंत्री, चला." मी उभी राहिले. आमच्याकडं रेडिओ होता, त्यावर मंत्र्यांच्या बातम्या लागायच्या. त्यातला एक शब्द मला येत होता.

मी म्हणाले, "मी राजीनामा देते."

वर्ग फिस्कन हसला. गुरुजी हसले नाहीत. "कुणी शिकवलं हे?" मी फळ्याकडं बघितलं. "आईनं शिकवलं ना?" त्यांनी मला व्हरांड्यात उभं केलं. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, मग रोज परिपाठानंतर. मी खिडकीतून फळा वाचायचे. पाढे तिथंच पाठ केले. झाडूला हात लावला नाही.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण गुरुजींना मंत्री मिळायला किती वेळ लागतो? त्यांनी ठकीच्या धाकट्या बहिणीकडं बोट दाखवलं. बेबी नाव तिचं. ती आनंदानं उडालीच. मी तिला मधल्या सुट्टीत गाठलं आणि सांगितलं, "हे पद नाय गो, हे नुसतं झाडू मारनं हाय." बेबी म्हणाली, "तू जळतेस." वर्षभर तिनं झाडलं. चौथीत ती शाळेत आलीच नाही, आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली. गुरुजींनी हजेरीला तिचं नाव घेणं बंद केलं. तिला आनंदानं उडवणाऱ्या त्या बोटाचा मला अजून राग येतो, तिच्यावर मात्र कधीच आला नाही.

तेव्हापासून मी संशयी झाले. नवरा म्हणतो, तू दूध पण ढवळून बघतेस. बघते. कुणी मला पुढं बसा म्हटलं की मी आधी मागं कोण बसलंय ते बघते. कुणी सत्कार करतो म्हटलं की विचारते, काम काय आहे? माझं सासर मुरबाडकडं, म्हशाजवळ. कंपनीत पॅकिंगला जाते. तिथंही साहेबानं एकदा मला "लाइनची लीडर" करतो म्हटलं. मी विचारलं, संडास धुवायची पाळी लीडर लावतो की स्वतः धुतो? त्यानं मला लीडर केलं नाही.

आता माझी मुलगी तिसरीत गेली. परवा तिच्या वर्गाची पालकसभा होती. बाई तरुण आहेत, बोलणं मऊ. वर्गात सगळ्यांना सारख्या खुर्च्या. मलाही मधोमध बसवलं. पाणी आलं ते सगळ्यांना एकाच ट्रेमधून आलं. मी पेला हातात घेतला आणि तरी मला विश्वास वाटेना. बाईंनी वर्गाचा दिनक्रम समजावला. डबा कसा द्यावा, अभ्यास कसा घ्यावा. मग म्हणाल्या, "प्रत्येक मुलाला जबाबदारी दिलीय. तुमची मुलगी आमची स्वच्छतादूत आहे बरं का ताई. फार मन लावून करते."

माझी मुलगी माझ्याकडं बघून हसली. छातीवर बिल्ला होता, टाचणीनं लावलेला. चकचकीत कागदाचा, तिनं स्वतः कापलेला. तिचं तोंड बघून मला बेबी आठवली, मी आठवले, गूळ आठवला.

मी उभी राहिले. "बाई, मागच्या वर्षी कोण होतं स्वच्छतादूत?"

बाईंचा चेहरा बदलला. आठवत असावं किंवा नसावं. "ताई, आता तसं काही राहिलं नाही हो. तुम्ही सगळीकडं तेच का बघता?"

"मी बघत नाही, बाई. विचारते. नाव सांगा."

मागून एक गृहस्थ म्हणाले, "अहो, शिस्तीचा विषय चाललाय, तुम्ही कुठं नेता?" दुसऱ्यांनी घड्याळ बघितलं. बाई म्हणाल्या, "मी बघून सांगते." बघू, बघू. हे शब्द मी आधी ऐकलेत.

कदाचित बाईंचं मन साफ असेल. असू दे. मन साफ आहे की नाही ते मला कळायला मार्ग नाही, झाडू कुणाच्या हातात आहे ते मात्र कळतं. मी म्हणाले, "सोमवारपासून दर आठवड्याला दूत बदला. खिडकीच्या रांगेपासून सुरू करा, एकही पोर सोडू नका. माझी मुलगी तिच्या पाळीला झाडेल, एक दिवस कमी नाही. दुसऱ्याच्या पाळीला झाडणार नाही." बाईंनी मान हलवली की नाही ते मला नीट दिसलं नाही.

घरी आल्यावर मुलगी रुसली. म्हणाली, "आई, तू माझा बिल्ला घालवलास." मी तिला जवळ घेतलं नाही, समजूतही काढली नाही. समोर बसवलं आणि तिच्या आजीची पांढरी साडी, तो गूळ, तो दुकानदार, सगळं सांगितलं. बेबीचं पण सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी तिनं बिल्ला काढून माझ्या हातात दिला नाही, मुठीत धरून ठेवला. धरू दे. मला कळायला पण एक रात्र लागली होती.

सोमवारी कंपनीला खाडा टाकलाय. शाळेची घंटा व्हायच्या आधी मी वर्गाच्या दाराशी उभी राहणार आहे, जिथं माझी आई बसली होती तसल्याच दाराशी. झाडू खिडकीच्या रांगेत गेला तर मी गुपचूप घरी येईन. माझ्या मुलीच्या हातात दिसला तर मी आत जाणार, आणि पाय उचलणार नाही.