खळ्यावरचा सामना

आमच्या गावात एकदा चार देशांच्या फुटबॉल स्पर्धेचा शेवटचा सामना झाला. हे सांगितलं की माझी नातवंडं एकमेकांकडे बघून हसू दाबतात. पण ते खरं आहे, आणि त्यात माझा स्वार्थ होता, तोही आधीच सांगून टाकतो. मला पत्रे हवे होते.

पहिलं महायुद्ध संपून चार-पाच वर्षं झाली होती. मी तेवीस वर्षांचा, कर्जत आणि खोपोलीच्या मधल्या एका गावात मास्तर. शाळा देवळाच्या पडवीत भरायची. पावसाळ्यात पडवी इतकी गळायची की पाढे राहायचे बाजूला आणि माझा सगळा वेळ मुलांना इकडून तिकडे सरकवण्यात जायचा. छपरासाठी मी वर अर्ज करायचो. अर्ज पोचल्याचं उत्तर मात्र नेमाने यायचं.

खोपोलीला तेव्हा विजेच्या कामावर नाना देशांचे साहेब होते. स्विस साहेब यंत्रं जोडायला, स्कॉटिश साहेब घाटावरून पाणी खाली आणणारे अजस्र नळ बसवायला, आणि इंग्रज साहेब या दोघांवर नजर ठेवायला. थंडीत त्यांना फुटबॉलची हुक्की आली. चौथा देश म्हणून आमचे फिटर आणि कारकून घेतले. पहिले सामने खोपोलीत झाले, पण शेवटच्या सामन्याच्या आधी तिथल्या मैदानावर नळ उतरवले गेले आणि मोठ्या साहेबांनी रेल्वेच्या कडेचं एखादं गाव शोधायला सांगितलं. जे गाव सपाट जागा देईल तिथे वाशांवर पत्रे टाकून बसायला मांडव घालतील, आणि सामना झाला की मांडव त्या गावालाच ठेवतील. हे कानावर आल्यापासून मला झोप लागेना.

पलीकडच्या गावानेही जागा देऊ केली होती. त्यांच्या जागेच्या मधोमध आंब्याचं झाड होतं. चेंडू त्याला वळसा घालून नेता येईल, असं त्यांचं म्हणणं. साहेब तिथून निघून आमच्याकडे आले.

आमच्याकडे सपाट जागा म्हणजे आबांची भाताची खाचरं. आबा हे गावातले सगळ्यात वयस्क शेतकरी, बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी. मी त्यांना अर्धा तास पटवलं. शाळेचं छप्पर, मुलांचं शिक्षण, गावाची अब्रू, सगळं काढलं. ते म्हणाले, ‘‘घ्या.’’ मला वाटलं, माझ्या वक्तृत्वाचा विजय झाला. मग त्यांनी विचारलं की मैदान म्हणजे नेमकं कसं पायजे. मी साहेबांच्या चिठ्ठीतलं वाचून दाखवलं: सपाट, कठीण, ढेकूळ नाही, धसकट नाही, भेग नाही. आबा म्हणाले, ‘‘मंग सोपं हाय.’’ मी निर्धास्त होऊन परीक्षेच्या कामासाठी आठ दिवस अलिबागला गेलो.

परत आलो तो सामन्याच्या आदल्या दिवशी. पाहतो तर सात खाचरांचे बांध गायब. जमीन खणून, पाणी मारून, चोपून पाटासारखी केलेली, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत शेणाने सारवलेली. गावातल्या आणि वरच्या ठाकरवाडीतल्या बाया शेवटचा हात फिरवत होत्या. आबांनी माझ्या वर्णनावरून भात मळायचं खळं ओळखलं होतं आणि आयुष्यातलं सगळ्यात मोठं खळं केलं होतं. मधोमध तिवडाही होता, म्हणजे मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरवतात तो खांब, वर आंब्याची डहाळी बांधलेला. तो काढायला मला संध्याकाळपर्यंत हुज्जत घालावी लागली. आबांना बिनतिवड्याचं खळं म्हणजे अर्धवट काम वाटत होतं.

सामन्याला कर्जत-खालापूरकडचं माणूस लोटलं. पत्र्यांखाली मडमा बसल्या. रस्त्यावर मात्र साहेबांच्या मुकादमाने दोन रिकाम्या बैलगाड्या उभ्या करून ठेवल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाला, सामना झाला तर मांडव तुमचा, नाही झाला तर पत्रे आजच परत न्यायचा हुकूम आहे. शेवटचा सामना स्कॉटिश साहेब आणि आमची मंडळी यांच्यात होता. साहेब खिळ्यांचे बूट घालून रांगेने आले आणि आबा सारवलेल्या कडेवर मांडी घालून बसले.

‘‘खळ्यात पायताण घालून कोनी येत नाय,’’ ते म्हणाले. ‘‘मंग पाटील असू दे न्हायतर लाटसाहेब असू दे.’’

मी समजावलं की हे खळं नाही, मैदान आहे. त्यांनी शांतपणे विचारलं, मग बायांनी चार दिवस काय सारवलं? इकडे माझ्या मोडक्या इंग्रजीत मी साहेबांच्या कप्तानाला सांगितलं की ही जागा इथे देवळासारखी मानतात. तो लालबुंद झाला. आमचे लोक अनवाणीच खेळतात, तेव्हा ही आमची लबाडी आहे असं त्याला वाटलं, आणि त्याच्या जागी मलाही तसंच वाटलं असतं. रस्त्यावर मुकादमाने बैल जुंपायला घेतले. मी, सरकारी शाळेचा मास्तर, भर लोकांत आबांच्या पाया पडलो. आबांनी आशीर्वाद दिला आणि जागचे हलले नाहीत.

सुटका केली ती पंच असलेल्या स्विस साहेबाने. त्याने खिशातून नियमांचं पुस्तक काढलं आणि ते अगदी सावकाश, पान न् पान वाचलं. बुटांचे खिळे किती लांब नसावेत हे त्यात होतं, पण बूट असलेच पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पुस्तकापुढे साहेब नमतो. कप्तान खाली बसला आणि त्याने बुटाची नाडी सोडली. मांडवाखाली बुटांचे अकरा जोड रांगेत लागले, आणि आबा उठून त्यांच्या शेजारी राखणीला बसले.

गोरे पाय सारवणावर सटासट घसरू लागले. आमच्या मंडळींना मात्र पहिल्यांदाच बोटं चिरडायची भीती नव्हती, त्यामुळे ती वाघासारखी खेळली. एवढं सगळं होऊनही आम्ही दोन-एक असे हरलो. साहेब अनवाणी झाला म्हणून खेळ विसरत नाही, हे त्या दिवशी कळलं. पण हरल्याचं मला काडीचंही दुःख झालं नाही, कारण मी रिकाम्या बैलगाड्या परत जाताना बघत होतो.

पंधरवड्यात पत्रे शाळेवर चढले. मी भेटेल त्याला सांगत सुटलो की हे छप्पर मी आणलं.

वैशाखात एके दिवशी खाचरांवरून जात होतो. बाकीच्या शेतांत पालापाचोळा जाळून भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते. आबा आणि त्यांचे दोन मुलगे मात्र भर उन्हात माती वाहत होते. सातही खाचरांचे बांध नव्याने घालायचे होते. बांधाशिवाय पाणी ठरत नाही आणि पाण्याशिवाय भात नाही, हे दर वर्षी पुस्तकातून शिकवणाऱ्या मला मैदान मागताना सुचलं नव्हतं. त्यांना ते ‘‘घ्या’’ म्हणतानाच ठाऊक होतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मी कडेला वहाणा काढल्या, टोपली उचलली आणि आत उतरलो.

आबांनी माझ्या पायांकडे बघितलं. ‘‘मास्तर, वाहना घाला. हे खळं नाय आता, शेत हाय. ढेकळं टोचतील.’’

मी घातल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत ढेकळांनी माझे दोन्ही तळवे सोलून काढले, आणि दुसऱ्या दिवशी त्या कोरड्या छपराखाली मी खुर्चीत बसूनच शिकवलं.