जुन्या वहीतलं माप

“रविवारी नाही धावलात तर आकाश कोसळणार आहे का?”

“चारशे लोकांना शब्द दिलाय मी.”

“आणि मला काय दिलंत? पाठ! रोज पहाटे तीच बघते.”

मास्टर मान खाली घालून बुटांच्या लेस आवळत होता. पलंगावरून बायको बोलत होती, मध्येमध्ये दम खात. दुखणं आता फुप्फुसात उतरलं होतं. डॉक्टरांनी मंगळवारी दोघांनाही समोर बसवून सांगून टाकलं होतं, महिने नाहीत, आठवडे मोजा.

मास्टर शिंपी. वय पंचावन्न. उभा जन्म मशीनवर बसून गेलेला. बायको इस्पितळात होती तेव्हा त्याने वीस दिवस तिथल्या जिन्याखाली पथारी टाकून काढले. कॅन्सरच्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी खोल्या बांधणारी एक संस्था त्याला तिथंच कळली, आणि तिच्यासाठी बेचाळीस किलोमीटर धावायचं खूळ डोक्यात शिरलं. गिऱ्हाइकं आधी हसली. “मास्टर, कुत्रं मागे लागलंय का?” मग त्यांनीच किलोमीटरमागे देणग्या कबूल केल्या. आठ महिन्यांत गुडघे सुजले, अंगठ्यांची नखं काळी पडून गळाली, पण एक पहाट चुकली नाही.

“अगं, तुझ्यासाठीच धावतोय ना!”

“माझ्यासाठी? मग ही खुर्ची आहे इथं. बसा की. तिच्यावर नुसते कपडे वाळत घालता.”

त्याने विषय बदलला. कपाटातून एक निळा ड्रेस काढून तिच्या पुढ्यात धरला. “शर्यत संपते तिथं तू यायचंस. तुझा भाऊ गाडी आणतोय. हा घालून ये.”

तिने तो गाऊनवरूनच डोक्यातून घातला. खांदे घसरत कोपरापर्यंत आले. ती हसायला लागली, हसता हसता खोकली.

“मास्टर, आत अजून एक बाई मावेल. कुणाचं माप हे?”

“तुझंच. वहीतलं.”

जुन्या गिऱ्हाइकाचं माप दुसऱ्यांदा घ्यायचं नाही, ही मास्टरची मिजास. माणूस सुटला की आटला, ते तो दारातच नजरेने ओळखायचा आणि वहीतल्या आकड्यात बोटभर कमीजास्त करायचा. बायकोचं माप चार वर्षांपूर्वीचं होतं. तिच्याकडे त्याने तसं पाहिलंच नव्हतं.

“टेप काढा.”

“राहू दे आता.”

“काढा म्हणते ना! जगाची मापं घेता, घरच्या गिऱ्हाइकाला टाळता होय?”

त्याने टेप काढली. तिच्या छातीभोवती फिरवताना बोटांना एकेक फासळी लागत गेली. दोन टोकं जुळली तिथं त्याने पाहिलं आणि लगेच नजर काढली.

“किती?”

“छत्तीस.”

“लबाड! मलाही वाचता येतं. अठ्ठावीस.” तिने त्याचं मनगट धरलं. आता आवाजात भांडण उरलं नव्हतं. “ऐका ना. शर्यत काय, पुढच्या वर्षीही असेल. मला भीती वाटते एकटीला. रविवारी थांबाल ना माझ्यापाशी?”

मास्टरने तिचं एकेक बोट हलकेच सोडवलं. टेप पलंगावरून खाली ओघळली, ती उचलायलाही तो वाकला नाही.

“अहो, विचारतेय मी.”

तो दार उघडून बाहेर पडला.