डोंगर उजव्या हाताला

पोळीभाजी केंद्रात किस्से जमायला वेगळं काही करावं लागत नाही. हात कामात असतात, तोंडं मोकळी असतात, आणि सकाळपासून एकाच ओट्याशी उभ्या असलेल्या बायका एकमेकींपासून काही लपवू शकत नाहीत. आमच्या पनवेलच्या केंद्रात आम्ही तिघी आहोत: मी, सुलभाताई आणि हिराकाकू. गेल्या वर्षातले आमचे बहुतेक किस्से इटलीतल्या एका लहानशा गावाचे आहेत. हिराकाकूंनी आणि मी ते गाव कधी पाहिलेलं नाही. पण आम्हाला तिथे कुणी डोळे बांधून सोडलं, तरी आम्ही बालवाडीपर्यंत बरोबर पोचू.

*

आधी सुलभाताईंबद्दल सांगायला हवं. त्यांच्या हातची पोळी पदर सुटेल अशी होते, पण रस्ता त्यांच्या लक्षात राहत नाही. एकदा कळंबोलीला भाचीच्या मुलीचं बारसं होतं. आम्ही त्यांना रिक्षात बसवून दिलं. दोन तासांनी भाचीचाच फोन आला, "मावशी निघाली का?"

मावशी लोखंडबाजारात होत्या. रिक्षातून एक वळण आधी उतरल्या आणि चालत राहिल्या. शेवटी एका गोदामाच्या वॉचमनने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि पनवेलकडे निघालेल्या ट्रकमध्ये बसवून दिलं. केंद्रासमोर ट्रकमधून उतरल्या तेव्हा बाळाचं झबलं त्यांच्या हातातच होतं.

मी विचारलं, "ताई, सगळीकडे लोखंडी पत्रे दिसत होते ना? शंका नाही आली?"

"आली गं. मला वाटलं, एवढ्या सामानात हे पाळणा कुठे बांधणार?"

*

सुलभाताईंची मुलगी मृणाल इटलीतल्या त्या गावात राहते. आल्प्स डोंगर जिथे संपतो आणि सपाटी सुरू होते, तिथे अगदी पायथ्याशी ते गाव आहे. जावई तिथलाच, त्याचं नाव लुका. त्यांची तारा चार वर्षांची, आणि मृणालला दुसरं बाळ होणार होतं. सुलभाताई बाळंतपणाला जाणार, हे ठरलेलंच होतं.

एक दिवस मृणालचा व्हिडिओ कॉल आला. "आई, तू ये. पण एकटी घराबाहेर पडायचं नाही. ताराला बालवाडीतून आणायला मी शेजारणीला सांगितलंय."

सुलभाताई "बरं" म्हणाल्या आणि लाटायला लागल्या. त्या दिवशीच्या पोळ्या जरा जाडच झाल्या. लाटता लाटता त्या म्हणाल्या, "नातीला शेजारीण आणणार. मग मी तिथे जाऊन करू काय? मलाच सांभाळायला अजून एक माणूस लागेल."

हिराकाकू आमच्यात सगळ्यात मोठ्या. जासईकडच्या, बोलायला सरळ. त्यांनी लाटणं खाली ठेवलं. "जायला किती दिस हायेत?"

"तीन महिने."

"मंग तीन महिन्यांत गाव पाठ करायचा. पोरीला तूच आननार."

*

मृणालने मोबाइलवर नकाशा पाठवला. सुलभाताईंना तो सुलटा धरावा की उलटा, हेच कळेना. हिराकाकू म्हणाल्या, "तो ठेव बाजूला. हितं मांड."

शाळेत मला नकाशा भरण्याचे चांगले मार्क पडायचे. तेवढ्या भांडवलावर मी ओट्यावर पिठी पसरली आणि बोटाने रस्ते काढले. डोंगर म्हणजे कणकेच्या उंड्यांची रास. टेकाडावरचा किल्ला म्हणजे एक वेगळा, मोठा उंडा. डोंगरातून गावात तीन लहान कालवे येतात, ते मी तांब्यातल्या पाण्याने काढले. पूर्वी त्या कालव्यांवर रेशमाचे आणि लोकरीचे कारखाने चालायचे म्हणे. मृणालचं घर म्हणजे मिठाची बरणी, बालवाडी म्हणजे तेलाचं भांडं. मध्ये दगडी वेस, कमानींखालचा बाजार आणि तीन पूल.

रोज अकरापर्यंत गाव वसायचं आणि साडेबाराला डब्यांची घाई सुरू झाली की मोडायचं. आधी डोंगर लाटला जायचा, मग किल्ला. एका बँकेतल्या साहेबांचा निरोप आला, "आज एक पोळी फार मोठी होती."

हिराकाकू म्हणाल्या, "त्याला सांग, किल्ला हाय. पचल हळूहळू."

*

गावाचा इतिहास मात्र हिराकाकूंनीच काढून घेतला. त्यांनी मृणालला कॉलवर विचारलं, "गाव तिथंच का बसवला? डोंगरावं नाय, खाली मैदानात नाय. पायथ्यालाच का?"

मृणालने लुकाला विचारलं. लुकालाही नक्की माहीत नव्हतं. त्याने आपल्या आजीला विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. समुद्रावरून मीठ यायचं ते गाड्यांमधून. पुढे घाटात गाडी चढत नसे. मग या गावात मीठ उतरवायचं, खेचरांवर लादायचं आणि खिंडीतून पलीकडे न्यायचं. उतरवणारे, लादणारे, खेचरांना नाल मारणारे, जेवू घालणारे, असं करत करत गाव झालं.

हिराकाकूंच्या आजोबांचं मिठागर होतं. त्या एकदम सरळ उभ्या राहिल्या. "म्हंजे ता पनवेलच की! आमचा मीठ होडीतून बंदरावं यायचा, हितून बैलांच्या पाठीवं घाट चढायचा." मग सुलभाताईंकडे वळून म्हणाल्या, "परक्या गावाला चाललीस असा समजू नको. खेचराच्या जागी बैल लाव, बस."

त्यानंतर त्यांचे प्रश्न संपेचनात. वेशीवर पहारा कोण द्यायचा? पावसात मीठ कुठे ठेवायचे? लुका प्रत्येक रविवारी आजीकडे जाऊन उत्तरं आणू लागला. त्याने निरोप पाठवला की आजी आता दारात वाट बघत बसते आणि विचारते, "आज पनवेलहून काय आलंय?"

*

मग मी सुलभाताईंना एक सोपा नियम करून दिला. बालवाडीकडे जाताना डोंगर उजव्या हाताला. घरी येताना डाव्या हाताला. बाकी सगळं विसरलं तरी चालेल.

सराव पनवेलमध्येच करायचा ठरला. आमच्या रस्त्यावरून माथेरानचा डोंगर दिसतो. सुलभाताईंना कोथिंबीर आणायला पाठवलं, डोंगर उजव्या हाताला ठेवून. दहा मिनिटांचं काम होतं. त्या तासाभराने घामाघूम होऊन आल्या, हात रिकामे. थेट गाढी नदीच्या पुलापर्यंत जाऊन आल्या होत्या.

"अहो, मंडई तर वाटेतच होती ना?"

"दिसली की. पण ती वळणावर होती. वळले असते तर डोंगर पाठीमागे गेला असता."

मी डोक्याला हात लावला. हिराकाकू मात्र खूश. "पन आली ना परत? कुनाला न विचारता? ट्रकशिवाय?"

खरंच, ट्रकशिवाय आल्या होत्या.

मग सुलभाताईंनी जरा घाबरतच विचारलं, "आणि डोंगर दिसलाच नाही तर?"

"तर पानी बघ," हिराकाकू म्हणाल्या. "पानी डोंगराकडूनच येतंय. तो दिसो नाय तर न दिसो."

*

सुलभाताई ऑक्टोबरात गेल्या. पहिले आठ दिवस शेजारणीबरोबर बालवाडीला जात होत्या. नवव्या दिवशी काय झालं, ते मृणालने आम्हाला कॉलवर सांगितलं.

त्या दिवशी धुकं उतरलं. तिकडचं धुकं म्हणजे समोरचं घर दिसत नाही. शेजारणीने दुपारी फोन करून सांगितलं, मी बाहेरगावी अडकले आहे. मृणाल नवव्या महिन्यात, झोपली होती. फोन सुलभाताईंनी घेतला. इटालियन त्यांना येत नाही, पण शेजारीण येणार नाही एवढं कळलं. मृणाल जागी झाली तर घर रिकामं, दाराजवळची आईची चप्पल नाही, मोबाइल मात्र टेबलावर.

ती तशीच कोट अडकवून निघाली. वेस ओलांडली, बाजारातून चौकात आली, आणि त्या धुक्यात तिला कुठली कमान कुठली तेच कळेना. सहा वर्षं त्या गावात राहिलेली मुलगी. अंदाजाने एका पुलावर चढली आणि रडू आवरत "आई, आई" अशा हाका मारायला लागली.

मागून आवाज आला, "मृणाल, बालवाडीकडे निघालीस की घराकडे?"

एका हातात ताराचं दप्तर, दुसऱ्या हातात तारा. सुलभाताई शांतपणे चालत येत होत्या.

"आई! बालवाडीकडे. तुम्हा दोघींना शोधायला."

"मग पाणी उजवीकडून यायला हवं. हे बघ, डावीकडून येतंय. घराकडेच चालली आहेस तू."

आणि कठड्याला धरून त्या तिला जपून घरी घेऊन गेल्या. तेव्हापासून ताराला आणायचं काम त्यांचंच. पुढच्या आठवड्यात मुलगा झाला. दोघंही छान.

हे सांगून मृणालने विचारलं, "हिराकाकू, तुम्ही तिला शिकवलंत तरी काय?"

हिराकाकू तव्याकडे बघत म्हणाल्या, "आमी काय शिकवनार? आमी पोल्या लाटतो."

पण त्या दिवशी त्यांच्या दोन पोळ्या करपल्या.

*

सुलभाताई जानेवारीत परत आल्या. फेब्रुवारीत कळंबोलीच्या त्याच भाचीच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता. आम्ही सोबत येतो म्हटलं, तर त्या हसल्या. "इटलीत धुक्यातून फिरले मी. कळंबोली ती काय!"

संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज बारीक.

मी विचारलं, "ताई, डोंगर कुठल्या हाताला आहे?"

"टॉवर आहेत गं. चारी बाजूंना. त्यांच्या मागे असेल."

हिराकाकूंनी फोन ओढून घेतला. "पानी बघ, पानी."

"नाला आहे, काकू. पण त्यावर स्लॅब टाकलाय. कुठून कुठे चाललंय, काही दिसत नाही."

हिराकाकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, "आजूबाजूला काय दिसतंय?"

"पत्रे."

आम्ही रिक्षा करून गेलो. तेच गोदाम होतं, तोच वॉचमन, बहुतेक खुर्चीही तीच. सुलभाताईंचा चहा पिऊन झाला होता. शेजारच्या पत्र्यावर धूळ साचली होती, तिच्यात बोटाने वेस काढलेली, बाजार, किल्ला, तीन पूल. वॉचमन त्यावर वाकून बघत होता.

आम्हाला पाहून तो उभा राहिला आणि म्हणाला, "मावशींना रस्ता एकदम पाठ आहे. फक्त तो इथे कुठून सुरू करायचा, ते आम्हाला दोघांनाही सापडेना."