वाकड्या पडद्यातली मी खाली बसली

कॉम्प्युटरच्या पडद्यात माझी सून गाईंसाठी घास कापत होती. उकिडवी बसलेली, मान खाली, पाठ उसाकडं. तिच्या मागं बांधाला बिबट्या पोट जमिनीला लावून पडला होता, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. आणि सुनेच्या डाव्या अंगाला, तिची राखण करत, मी उभी होते. माझंच हिरवं लुगडं, माझाच डोक्यावरचा पदर, एका पायावर भार देऊन उभं राहायची माझीच सवय.

मी तर घरात होते. हातात पाण्याचा तांब्या होता. घरात लाईट नव्हती, आणि लाईट असती तरी फरक पडला नसता, कारण त्या पडद्याला अजून वायरच जोडलेली नव्हती. नुसती काळी काच.

मी बघत राहिले. मनात एवढंच आलं की राखणीला माणूस उभं आहे, तोवर जनावर पुढं येणार नाही. तेवढ्यात पडद्यातली मी खाली बसली. घाईनं नाही... सावकाश, गुडघ्याला हात लावून, मी बसते तशी. सुनेला खेटून, तिच्याइतकीच वाकून बसली.

बिबट्या उठला.

मी बोरी बुद्रुकची. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढं शेत. भूत, करणी, अंगात येणं, यातलं मी काही मानलं नाही आणि आजही मानत नाही. गावात कुणाच्या अंगात आलं की मी तिथून उठून घरी यायचे, कामं पडलेली असतात. तुमच्या या पानावर लोक लिहितात ते नातू वाचून दाखवतो, त्यातलं निम्मं मला झोपेतलं वाटतं. म्हणून माझं मी जसं झालं तसं लिहिते. कुणी खोटं म्हटलं तर माझी हरकत नाही.

आमच्याकडं बिबट्या म्हणजे भुताची गोष्ट नाही. तो उसात राहतो, तिथंच त्याची पिल्लं होतात, दिवसाढवळ्या रस्ता ओलांडतो. बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जातात. आमच्या भागात एक पद्धत पडली आहे - एकीनं कापायचं, एकीनं उभं राहायचं. बसलेलं, वाकलेलं माणूस त्याला वासरू वाटतं. उभ्या माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही. उभं राहणारीनं नुसतं उभं राहायचं नाही, बोलत राहायचं, म्हणजे कापणारीला मान वर करून बघावं लागत नाही आणि जनावरालाही माणूस असल्याचं कळतं. आमच्या घरात माझी सून सुनंदा कापते आणि मी उभी राहते. माझे गुडघे बसायचे राहिलेले नाहीत, तोंड मात्र चालतं.

आता पडद्याचं सांगते. माझा नातू ओंकार, सुनंदाचा मुलगा. पुण्याच्या एका कंपनीत आहे, पण काम घरूनच करतो. पुढच्या खोलीत त्याचं टेबल. दिवसा काम, काम संपलं की गेम. दोन पडदे शेजारी शेजारी लावले होते आणि रोज कुरकुर करायचा की दोन्हीच्या मधे पट्टी येते, कामाचा तक्ता मधेच तुटतो आणि गेममधला माणूस नेमका त्या पट्टीमागं जाऊन उभा राहतो. त्याला एकच लांबलचक पडदा पाहिजे होता. सरळ घ्यावा का वाकडा, यावर त्याचं ठरत नव्हतं. मोबाईलवर बघून बघून त्यानं डोळे लाल करून घेतले.

माझा चष्मा आणायला आम्ही नारायणगावला निघालो होतो, तर त्यानं गाडी आधी वारूळवाडीला एका दुकानापुढं लावली. दुकानदार तरणा, बोलका. दोन पडदे टेबलावर मांडलेले. एक सरळ, एक दोन्ही कडांनी आत वळलेला, अर्ध्या पिंपासारखा.

"हा वाकलाय का?" मी विचारलं.

"वाकला न्हाई आजी, कंपनीनंच तसा केलाय. कर्व्ह म्हणत्यात. माणूस मधी बसला की कडंचं बी सारख्या अंतरावर दिसतं. मान वळवाया लागत न्हाई."

"आजी, कामाला सरळच बरा असतो," ओंकार म्हणाला. "तक्त्याच्या रेघा वाकड्या दिसतात यात. गेमला मात्र हाच भारी."

"मग कामाला घेतोस का खेळाया?"

"दोन्हीला."

"तुझं लग्न बी असंच राहिलंय."

दुकानदार हसला. ओंकारनं सरळ पडदा चालू करून घेतला, एक तक्ता वर-खाली केला, मान डोलावली. सरळच घ्यायचा असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. वाकडा तेव्हा बंद होता. मी त्याच्यापुढं उभी होते. काळ्या काचेत मागचा रस्ता, जाणाऱ्या गाड्या, दुकानदाराचा शर्ट, सगळं दिसत होतं. ओंकार दिसला. मी दिसले. आणि माझ्या पलीकडं माझ्यासारखंच आणखी एक लुगडं दिसलं. मी मागं बघितलं तर पंखा होता. काच वाकडी आहे, एकाचे दोन दाखवत असेल, म्हणून मी सोडून दिलं. आताही मी तेच म्हणते. पण ते दिसलं होतं, म्हणून लिहिलं.

मी ओंकारला म्हटलं, "वाकडाच घे."

"का गं?"

"तुझ्या गेममधी कुठून मारत्यात?"

"कडेनं येतात."

"आपल्याकडं बी कडंनंच येतंय. समोरून कोण येतंय?"

त्याला ते पटलं. दुकानात तो एकच होता, तोच खोक्यात घालून घेतला. घरी आल्यावर टेबलावर बसवला तर टेबल पुरेना, म्हणून जुनं टेबल काढून खाटेएवढं लाकडी टेबल मागच्या भिंतीला लावलं. पडद्याचं तोंड दाराकडं, पाठ भिंतीला. त्या भिंतीला खिडकी नाही. भिंतीच्या मागं गोठा, गोठ्याच्या मागं घासाचं वावर, त्याच्या पलीकडं ऊस. हे नीट लक्षात ठेवा. काचेत काही दिसायचंच तर समोरचं अंगण दिसायला पाहिजे होतं, तुळस आणि रस्ता. मागचं वावर नाही.

वायर वेगळी निघाली. ओंकार जेवून ती बदलायला परत वारूळवाडीला गेला. मुलगा टोमॅटो घेऊन मार्केटला. घरात आम्ही दोघीच. गाईंना घास संपला होता, म्हणून दोघी मागं गेलो. सुनंदा कापायला बसली, मी बांधावर उभी राहिले आणि नेहमीसारखी बडबड सुरू केली. ऊन होतं. थोड्या वेळानं तिला तहान लागली.

"आत्याबाई, पाणी आणता का? मी उभी राहते तवर."

आमचं ठरलेलंच आहे, उभी राहणारी गेली की कापणारीनंही उठायचं. ती उठली, विळा हातात धरून उभी राहिली, ते बघूनच मी निघाले. गोठ्याच्या कडेनं पुढं आले, घरात शिरले, माठातून तांब्या भरला आणि वळले. पडदा समोर होता.

त्यात काय दिसलं ते वर लिहिलंय.

तांब्या कुठं पडला मला माहीत नाही. मला पळता येत नाही, पण त्या दिवशी मी जे काही केलं ते पळण्यासारखंच होतं. गोठ्याच्या कोपऱ्यावर आले तर पुढं सगळं पडद्यात होतं तसंच. सुनंदा बसलेली. मागं बिबट्या, आता उभा, एक पाय उचललेला. सुनंदाच्या शेजारी मात्र कुणी नव्हतं. घास हलत होता तिथं, वारा नसताना.

पळ म्हणून सांगायचं नसतं. पळणाऱ्याच्या तो मागं लागतो. मी जेवढा दम उरला होता तेवढ्यानं ओरडले, "उठ भवाने, उभी राहा, सरळ उभी राहा, मेले."

ती उठली नाही. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं, मग शेजारी बघायला मान अर्धी वळवली... आणि थांबली. मी परत शिवी दिली. तेव्हा ती ताडकन उठली, विळा वर धरून, दोन्ही हात वर. बिबट्या जागेवर थबकला. माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि उसात शिरला. ऊस हलायचा थांबला तरी आम्ही दोघी तशाच उभ्या होतो.

घरात येऊन कडी लावली. मी म्हटलं, "मी गेले तर तू खाली का बसलीस? ठरलं व्हतं ना आपलं?"

ती म्हणाली, "तुमी लगेच परत आला की."

"मी घरात व्हते."

"आलात. माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्यात. लुगडं दिसलं मला डोळ्याच्या कोपऱ्यातून. म्हणालात, मी हाय गं बाळा, तू काप. म्हणून बसले. सारखं बोलत व्हता. वरवर कापू नको, खाली वाक, मुळापासून काप. मग म्हणालात, दमले, मी बी बसते तुझ्यापाशी."

"आणि मी ओरडले तवा?"

"तवा तुमी दोन्हीकडून बोलत व्हता. लांबून म्हणत व्हता उठ, जवळून म्हणत व्हता बस, काय न्हाई, बस. मी जवळच्याचंच ऐकणार व्हते."

"मग उठलीस का?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. "लांबचीला धाप लागली व्हती. जवळचीला न्हाई. आणि आत्याबाई, राग येऊ देऊ नका... लग्न होऊन आल्यापासून तुमी मला बाळा म्हणाला न्हाई. मला आधीच वाटत व्हतं, आज यांना झालंय तरी काय. लांबचीनं शिवी दिली, मग कळलं तुमी कोणत्या."

मला राग आला नाही. खरं आहे ते.

ओंकार आला, त्याला सांगितलं. आधी तो म्हणाला काचेत बाहेरचं दिसलं असेल, वाकड्या काचेत लांबलांबचं गोळा होतं. मग त्यानं स्वतःच करून बघितलं. दार उघडं, दार बंद, आरसा लावून, मोबाईलनं फोटो काढून. मला वावरात उभं केलं आणि तो पडद्यापुढं बसला. त्याला तुळस दिसली, रस्ता दिसला, तो स्वतः दिसला. मागचं वावर दिसायची सोयच नव्हती. गोठ्यावर त्याचा कॅमेरा आहे, पण लाईट नसल्यानं तोही बंद होता. शेवटी म्हणाला, "आजी, तुला आवाज आला असेल बिबट्याचा, आणि डोक्यानं चित्र केलं असेल." मी म्हटलं, "मग तुझ्या आईला कुणी बाळा म्हटलं?"

संध्याकाळी वनखात्याचा माणूस ठसे बघायला आला. घासाला पाणी दिलेलं होतं, जमीन ओली. बांधाजवळ बिबट्याचे पंजे नीट उमटले होते. मादी आहे म्हणाला. मग सुनंदा बसली होती तिथं आला आणि डाव्या बाजूला बोट दाखवलं. न कापलेला घास गोल दबला होता, माणूस बसून उठल्यावर दबतो तसा.

"इथं दुसरं कोण बसलं व्हतं?" त्यानं विचारलं.

"कुणी न्हाई," मी म्हटलं.

"बसलं तर व्हतं. पण मग पायाचे ठसे कुठं हायेत?" तो थोडा वेळ शोधत राहिला. ठसे नव्हते. उभ्या पिकात मी पाय ठेवत नाही, आणि गुडघ्यांमुळं मला तसं बसताही येत नाही. त्यानं पिंजरा लावतो म्हणून सांगितलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी ओंकारला म्हटलं, तो पडदा परत देऊन ये. सुनंदा मधे पडली.

"का द्यायचा? त्यानं तुमाला दाखवलं म्हणून मी हाय."

"आणि ती दुसरी त्याच्यातूनच आली नसंल कशावरून? दुकानात बी मला दोन लुगडी दिसली व्हती."

"मग परत दिला तर जाईल का ती?"

पडदा राहिला. वायर आली, चालू झाला. ओंकार त्याच्यावर काम करतो, गेम खेळतो, रेघा वाकड्या दिसत नाहीत म्हणतो. काम झालं की मी त्याच्यावर जुनं धोतर टाकते. तो हसतो, पण काढत नाही. एकदा मी नव्हते तेव्हा त्यानं स्वतःच टाकलेलं मी बघितलं.

पिंजऱ्यात काही सापडलं नाही. आम्ही घास अजून तसाच कापतो, ती बसते, मी उभी राहते. फरक एवढाच की बसायच्या आधी ती वळून माझं तोंड बघते, आणि मी बडबडीत मधे मधे शिव्या देते. तिनंच सांगितलंय, देत जा म्हणून. एकदा मी जरा गप्प झाले, तर ती विळा घेऊन उठून उभी राहिली होती.

का झालं, कसं झालं, मला सांगता येणार नाही. ज्याला येत असेल त्यानं कळवावं, पण वावर बघून मग. त्या दुपारी त्या घासात सुनंदा होती, ती जिवंत आहे. बिबट्या होता, तो चालत गेला. मी होते, मी हे लिहिते आहे. चौथी जी बसली होती, तिला उठून जाताना कुणी बघितलं नाही.